ह्येच्यात पत्रां बसतत : एन मापाच्या पाच अमेरिकन टपाल डब्यांविषयी

शेजारचा आठ वर्षांचा मुलगा टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून उभा होता. गाडी दोन फेऱ्या मारून आली तोवर गप्प राहिला, मग म्हणाला, "आजोबा, ह्येच्यात माणसां खंय बसतत?"

मी म्हटलं, "ह्येच्यात पत्रां बसतत."

त्याला ते पटलं नाही. गाडीत माणसं बसतात, मालगाडीत माल असतो, आणि ही गाडी त्याला दोन्हींसारखी दिसेना. खिडक्या आहेत, पण उंचावर आणि बारीक. दारं आहेत, पण मालडब्यासारखी सरकती. त्याला काय खटकलं ते मला बरोबर कळलं, कारण टपालाचा डबा बाहेरून असाच कोड्यात टाकणारा असतो. म्हणूनच त्याचं छोटं मॉडेल करणं अवघड आणि विकत घेणं त्याहून अवघड.

आधी माझं सांगतो, म्हणजे हे परीक्षण कोणत्या डोळ्यांनी लिहिलंय ते कळेल. मी १९७६ साली आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, सॉर्टर, म्हणजे गावांप्रमाणे पत्रं वेगळी करणारा, म्हणून लागलो. पहिली पंधरा-सोळा वर्षं पुणे-मिरज लाइनवर रात्रीच्या गाडीत टपालाच्या डब्यात उभ्यानं काढली. नंतर स्टेशनवरच्या सॉर्टिंग ऑफिसात. निवृत्त झाल्यावर मालवणात घरी आलो आणि छोट्या गाड्यांचा नाद लागला. आमच्याकडे रेल्वे आली ती नव्वदच्या दशकात. मी लहान असताना मालवणातलं टपाल एसटीच्या टपावर घाट उतरून यायचं. मुंबईच्या चाकरमान्याची मनीऑर्डर आली की घरात चूल नीट पेटायची. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस पोस्टमनच्या वाटेकडे सगळी वाडी डोळे लावून असायची. त्या मनीऑर्डरी आणि ती पत्रं वाटेत कुठेतरी, रात्री, हलत्या डब्यात कोणीतरी वेगळी करत असतं हे मला नोकरीला लागेपर्यंत ठाऊक नव्हतं.

आता माल. मुंबईतल्या एका जुन्या मॉडेलगाड्या विकणाऱ्याकडून मी पाच डब्यांचा एक लॉट घेतला. सगळे अमेरिकन, सगळे एन मापाचे, वेगवेगळ्या कंपन्यांचे आणि वेगवेगळ्या काळी बनलेले. किंमत १४,५०० रुपये, कुरिअर वेगळं. लॉटमध्ये साठ फुटी टपाल डबा एक, सत्तर फुटी बॅगेज डबे दोन, बर्फ घालून थंड ठेवायचा एक्सप्रेस डबा एक, आणि शेवटी लावायचा जुना प्रवासी डबा एक. तिकडे अशा गाड्यांना मेल अँड एक्सप्रेस म्हणत. प्रवासी नावापुरते, कमाई सगळी टपालाची आणि पार्सलची. शेवटच्या जुन्या डब्यात गार्ड आणि गाडीची माणसं बसत, एखादा उतारू आला तर त्यालाही जागा मिळे.

एन माप म्हणजे १:१६०. रुळांतलं अंतर ९ मिलिमीटर. या मापात साठ फुटी डबा साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास भरतो आणि सत्तर फुटी १३३ मिलिमीटर. कोकणातल्या घरात कितीही पडव्या असल्या तरी कोरडी, पंख्याखालची, वाळवी न लागणारी जागा फार नसते, त्यामुळे मला हेच माप परवडतं. माझं टेबल आठ फूट बाय तीन फूट आहे. त्यावर काटो या जपानी कंपनीच्या युनिट्रॅक रुळांचे ३१५ मिलिमीटर त्रिज्येचे आठ वळणाचे तुकडे आणि प्रत्येक बाजूला २४८ मिलिमीटरचे चार सरळ तुकडे असा एक लंबगोल बसतो. सरळ बाजू ९९२ मिलिमीटर होते. इंजिन धरून ही गाडी साधारण ८० सेंटिमीटर. म्हणजे अख्खी गाडी फलाटाच्या सरळ रुळावर उभी राहते, शेपूट वळणावर लोंबत नाही. टपालगाडीला हे फार महत्त्वाचं आहे, कारण तिचं सगळं काम फलाटावर दारं उघडी असताना चालतं.

टपाल डब्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि परीक्षणातही त्यालाच जास्त जागा देणार आहे.

अमेरिकेत या डब्यांना रेल्वे पोस्ट ऑफिस म्हणत, तोंडी आरपीओ. धावत्या गाडीत पत्रं वेगळी करण्याची कायमची व्यवस्था तिथे १८६४ मध्ये शिकागोहून निघणाऱ्या गाडीत सुरू झाली. आपल्याकडे अलाहाबाद-कानपूर गाडीत त्याच्या आधीच सॉर्टिंग सुरू झालं होतं, हे मी आवर्जून सांगतो, कारण मॉडेलवाल्या मित्रांना वाटतं की ही कल्पना आपण तिकडून आणली. त्यांचा शेवटचा आरपीओ न्यूयॉर्क-वॉशिंग्टन मार्गावर ३० जून १९७७ ला धावला. ती तारीख वाचली तेव्हा मी मनात हिशेब केला. मला नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. तिकडे शेवटचा सॉर्टर खाली उतरला तेव्हा मी इकडे गाडीच्या हेलकाव्यात पाय रोवून उभं राहायला शिकत होतो.

मॉडेलच्या बाजूवर बारीक अक्षरांत 'युनायटेड स्टेट्स मेल' आणि 'रेल्वे पोस्ट ऑफिस' असं छापलेलं आहे. खऱ्या डब्यावरही हेच असे. मी भिंग लावून प्रत्येक अक्षर तपासलं. एकही अक्षर पसरलेलं नाही, ओळ वाकडी नाही. रंग गडद हिरवा, ज्याला तिकडे पुलमन ग्रीन म्हणतात, आणि तो प्लॅस्टिकसारखा चकाकत नाही. खिडक्या उंचावर आहेत, हे बरोबर. त्यांच्या खालच्या भिंतीला आतून खण असतात. तिथे खिडकी ठेवली तर पत्रं कुठे टाकणार? भिंतीत पत्र टाकायची फट आहे का, हे मी सगळ्यात आधी पाहिलं. आहे. अर्ध्या मिलिमीटरची एक रेघ, पण आहे. आमच्याही डब्याला अशी फट असायची. गाडी सुटता सुटता लोक धावत यायचे आणि लेट फीचं जादा तिकीट चिकटवलेलं पत्र आत टाकायचे. कराडच्या फलाटावर एका बाईंनी गाडी हलली असताना असं पत्र टाकलेलं मला अजून आठवतं. त्यांच्या हातातल्या पिशवीतली भाजी फलाटावर सांडली, तरी त्या थांबल्या नाहीत. ज्यानं हा साचा कोरला त्यानं ती रेघ सोडली असती तरी विक्रीत काही फरक पडला नसता. त्यानं ती कोरली, म्हणून माझ्याकडून त्याला पूर्ण गुण.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे दारातला पकडदांडा. गाडी ज्या छोट्या स्टेशनांवर थांबत नसे तिथे रुळाकाठी एक खांब असे, त्याला टपालाची थैली टांगून ठेवत. डब्यातला कारकून दाराला लावलेला आडवा लोखंडी दांडा वेळेवर बाहेर फिरवी आणि गाडी भरधाव असतानाच थैली त्यात अडकून आत येई. त्याच क्षणी तो त्या गावची थैली पायानं बाहेर ढकली. अंधारात गाव ओळखून दांडा फिरवायचा, म्हणजे रुळाचा आवाज, पूल आणि वळण सगळं पाठ हवं. आमच्या गाडीला थांबल्याशिवाय थैली देता-घेता येत नसे, तरीही डोळे मिटून सांगता यायचं की आता नदीचा पूल आला. म्हणून हा दांडा मॉडेलमध्ये नीट असणं मला गरजेचं वाटतं.

विक्रेत्यानं पाठवलेल्या फोटोत दोन्ही बाजूंना दांडे होते. पेटी उघडली तेव्हा एकाच बाजूला होता, दुसरीकडे नुसती दोन भोकं. फोन केला तर उत्तर मिळालं की हे असंच येतं. असं येत नाही. भोकांच्या कडेला डिंकाचा पिवळा डाग होता, म्हणजे दांडा होता आणि पडला होता. मी पैसे परत मागितले नाहीत, पण लॉट घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे की दोन्ही बाजूंचे फोटो आजच्या तारखेच्या वर्तमानपत्रावर डबा ठेवून मागवा. शेवटी मी गिटारच्या सगळ्यात बारीक तारेतून दांडा वाकवून घेतला. दोन संध्याकाळी गेल्या.

आत मात्र काहीच नाही. छप्पर उचललं आणि मला अक्षरशः वाईट वाटलं. एक लोखंडी पट्टी वजनाला आणि चार भिंती. प्रवासी डब्यात निदान बाकांचा साचा देतात, टपाल डब्यात तोही नाही. बनवणाऱ्यांचा हिशेब असा असावा की खिडक्या उंच आणि बारीक, कोण आत बघतो. पण दारं मोठी आहेत आणि ती उघडी ठेवता येतात. माझ्या मते टपालगाडीचं मॉडेल दारातून तपासायचं असतं. उघड्या दारातून थैल्या, खण आणि उभा माणूस दिसला तर ती टपालगाडी, नाहीतर हिरवं खोकं.

म्हणून आतलं सगळं मी केलं. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद कापून खणांची जाळी बनवली. खऱ्या आरपीओत एका टोकाला पत्रांचे खण आणि दुसऱ्या बाजूला थैल्या तोंड उघडून टांगायच्या लोखंडी चौकटी असत, मध्ये अरुंद वाट. आमच्याकडेही मांडणी तत्त्वानं तीच: पत्राला खण, बंडलाला थैली. थैल्या मी एम-सीलच्या लांबट गोळ्या वळून केल्या, सहा मिलिमीटरच्या, आणि ओल्या असतानाच तोंडाशी सुईनं चिमटा दिला, म्हणजे सुतळीनं आवळल्यासारखी घडी पडते. लाखेचं सील म्हणून तांबड्या रंगाचा एकेक ठिपका. आमच्याकडे थैलीची गाठ, लेबल आणि लाख यांत काही कमी-जास्त असलं तर पुढच्या सेक्शनचा माणूस थैली ताब्यात घेण्याआधी लिहून ठेवायचा, आणि ते लिहिलेलं महिनाभर पाठ सोडत नसे. तो ठिपका मी विसरूच शकत नव्हतो.

माणसं १:१५० मापाची, न रंगवलेली मिळाली. फरक थोडा असतो, डब्यात कळत नाही. चार जण उभे केले. बसलेला एकही नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण बसलेले कारकून दाखवणारी सुंदर मॉडेलं मी फोटोत पाहिली आहेत. सॉर्टर उभाच असतो. गुडघे किंचित सैल, कंबर खणांच्या टेबलाला टेकलेली, डाव्या हातावर पत्रांचा गठ्ठा आणि उजवा हात खणाकडे. तिकडच्या कारकुनांना गावांची आणि मार्गांची यादी पाठ करून परीक्षा द्यावी लागे, पुठ्ठ्याच्या कार्डांवर गावांची नावं लिहून ती नमुन्याच्या खणांत टाकायची आणि ९७ टक्के बरोबर आली तर पास. शिवाय कमरेला पिस्तूल असे. आमच्या कमरेला काही नव्हतं. पाठांतर मात्र तेवढंच.

एका कारकुनाच्या पायाशी मी कुत्रा ठेवला होता. ओनी नावाचा एक भटका कुत्रा १८८८ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीच्या टपाल ऑफिसात राहू लागला आणि पुढे टपाल डब्यांतून सगळी अमेरिका फिरला. जिथे जाईल तिथले लोक त्याच्या गळ्यात एक बिल्ला अडकवत. आज तो पेंढा भरून त्या बिल्ल्यांसकट वॉशिंग्टनच्या टपाल संग्रहालयात आहे. पण दोन दिवसांनी मी कुत्रा काढला. ओनी १८९७ मध्ये गेला आणि माझा डबा पोलादी आहे, त्यानंतरच्या पिढीतला. ओनीच्या काळचे डबे लाकडी होते. इंजिनाच्या पाठीला लागून असलेल्या त्या लाकडी डब्यांत, अपघात झाला की कारकून चिरडले जात किंवा जळून मरत, म्हणून पुढे पोलादी डबे आले. कुत्रा ठेवून मला तो इतिहास एकाच डब्यात कोंबायचा नव्हता.

बॅगेज डब्यांबद्दल थोडक्यात. दोन्ही चांगले आहेत, एक दुसऱ्यापेक्षा जुन्या साच्याचा. जुन्याच्या दारांच्या कडा बोथट आहेत आणि चाकांच्या कडा जास्तच खोल. युनिट्रॅकचा रूळ पुरेसा उंच असल्यामुळे माझ्याकडे चालतात. ज्यांनी बारीक, कमी उंचीचे रूळ टाकले आहेत त्यांच्याकडे प्रत्येक खिळ्यावर टकटक वाजतील, त्यांनी चाकं बदलावीत. एक्सप्रेस डबा हा लॉटमधला सगळ्यात सुबक नग. छपरावर बर्फ टाकायची झाकणं आहेत, बिजागऱ्या दिसतात. अशा डब्यांतून फळं, मासळी, फुलं टपालाच्या वेगानं जात. रेल्वे एक्सप्रेस एजन्सी नावाची कंपनी १९२९ पासून हा पार्सलचा धंदा देशभर जवळजवळ एकहाती चालवी. हापूसच्या पेट्या एसटीच्या टपावर चढवताना ज्यानं पाहिल्या आहेत त्याला हा डबा लगेच आपलासा वाटेल. प्रवासी डबा सामान्य आहे. खिडकीची काच पिवळी पडली आहे, छपराचा एक कोपरा दबलेला आहे. पण शेपटीचा डबा जुनाट असायचाच, त्यामुळे मी तो तसाच ठेवला.

लॉट घेण्यातली खरी अडचण कपलरची, म्हणजे डबे एकमेकांना जोडणाऱ्या आकड्यांची. तीन डब्यांना हाताच्या मुठीसारखे अडकणारे कपलर, दोघांना जुने, चौकोनी आकड्यासारखे. एकमेकांत लागत नाहीत. विक्रेत्यानं फोटोत पाच डबे ओळीनं उभे केले होते, जोडलेले नव्हते, हे मला नंतर लक्षात आलं. दोन डब्यांचे कपलर बदलायला आणखी ११०० रुपये आणि एक रविवार गेला. आणि त्या फोटोत टपाल डबा सगळ्यात मागे, प्रवासी डब्याच्याही पलीकडे होता. असा क्रम लावू नका. टपाल, बॅगेज, एक्सप्रेस हे साधारणपणे इंजिनाच्या मागेच लागतात. टपालाच्या डब्यातून उतारूला ये-जा करू देत नाहीत, त्यामुळे तो मध्ये घातला तर गाडी दोन तुकड्यांत तुटते. आणि न फोडलेल्या थैल्यांचा साठा ज्या डब्यात असेल तो टपाल डब्याला लागून हवा, कारण कारकून वाटेत त्यातून थैल्या ओढून आणतात. माझा क्रम: इंजिन, एक बॅगेज डबा टपालाच्या साठ्यासाठी, मग आरपीओ, मग दुसरा बॅगेज, एक्सप्रेस आणि शेवटी प्रवासी.

इंजिन माझ्याकडे आधीपासून होतं, काटोचं ई-८. खरं ई-८ हे प्रवासी आणि टपाल गाड्यांना लागणारं डिझेल इंजिन. मॉडेल चार वर्षं चालवतोय, अगदी हळू वेगातही न अडखळता चालतं, आणि फलाटावर थांबताना हवा तसा मंद थांबा देतं. टपालगाडी झटक्यानं थांबली तर खणांतली पत्रं खाली येतात, ही सवय माझ्या पायांना आहे. मॉडेल पाहतानाही ती जात नाही.

डबे हलके होते. अमेरिकेतल्या एनएमआरए या हौशी लोकांच्या संस्थेचा दंडक आहे: एन मापात डब्याचं वजन १४ ग्रॅम अधिक लांबीच्या दर इंचाला सव्वाचार ग्रॅम. सत्तर फुटी डबा सव्वापाच इंच, म्हणजे साडेछत्तीस ग्रॅम हवा. माझे सोनाराच्या काट्यावर २३ आणि २६ भरले. कोळंबच्या एका मच्छीमाराकडून जाळ्याला लावायचं शिसं घेतलं, हातोडीनं चपटं केलं आणि जमिनीशी चिकटवलं. शिसं हाताळल्यावर हात धुवा, आणि मुलांच्या हाती देऊ नका. वजन वाढल्यावर गाडीचा आवाज बदलला. आधी डबे खडखडत होते, आता घरंगळतात.

आता आपल्या हवेबद्दल, कारण हे तिकडच्या कोणत्याही परीक्षणात मिळणार नाही. समुद्र माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात डबे आले आणि जुलैअखेर दोन डब्यांच्या आसांची टोकं हिरवट झाली. घरातून प्रश्न आला, "आता ह्या पावसात ह्येका खंय ठेवतल्यात?" तो रास्त होता. प्लॅस्टिकला काही होत नाही, पितळेला होतं, आणि छपराखालच्या लोखंडी पट्टीला तर नक्कीच होतं. ती मी काढून टाकली, शिशामुळे तिची गरजही उरली नव्हती. डबे आता घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर राहतात. पुड्या दर पंधरा दिवसांनी तव्यावर मंद गरम करून घेतो. रूळ आणि चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची, पावसात आठवड्याला, एरवी महिन्यातून एकदा. प्लॅस्टिकची चाकं मळ रुळावर पसरवतात. ती बदलून धातूची घातली तेव्हापासून पुसणं निम्म्यावर आलं. टेबल मरिन प्लायचं आहे, पाय फणसाच्या लाकडाचे आणि त्यांच्याखाली पाण्याच्या वाट्या. वीज जाते तेव्हा गाडी जागच्या जागी थांबते, एवढंच. कंट्रोलर बंद करून ठेवायची सवय लावा, कारण वीज परत येते ती झटक्यानं येते.

दिवा हा शेवटचा खर्च. टपाल डब्यात एक पिवळा एलईडी टाकला. रुळावरून वीज घेतो म्हणून लुकलुकायचा, मग छोटा कॅपॅसिटर घातला. रात्री खोलीतले दिवे घालवून ही गाडी चालवली की उंच खिडक्यांची एक ओळ अंधारातून जाते आणि दारात उभा माणूस क्षणभर दिसतो. फलाटावरून आम्ही असेच दिसत असू. आम्हाला बाहेरचं काही दिसायचं नाही. आत उजेड, बाहेर काळोख आणि समोर खण.

तर घ्यावा का? ज्यांना पेटी उघडून लगेच गाडी चालवायची आहे त्यांनी असा मिश्र लॉट घेऊ नये. कपलर, चाकं, वजन, दिवा, सगळं धरून माझा खर्च १४,५०० वरून २० हजारांच्या थोडा पुढे गेला. ज्यांना थैली खरोखर उचलली जाताना बघायची आहे त्यांनी मोठ्या, ओओ मापातला हॉर्नबीचा ब्रिटिश टपाल डबा बघावा. त्यात रुळाकाठची थैली डबा उचलतो आणि आतली बाहेर टाकतो. लहान मुलं असतील तर तोच आणावा. पण ज्याला टपालगाडीचं काम समजून घ्यायचं आहे आणि जो छप्पर उचलून आत काही करायला तयार आहे, त्यानं साठ फुटी आरपीओ जरूर मिळवावा. पाचांतला तो एक आणि एक्सप्रेस डबा, हे दोन मला पूर्ण किमतीला परवडले असं मी समजतो. बाकीचे तीन त्यांच्याबरोबर आले.

आरपीओवर काम करताना मला आमचं जग फार जवळून आठवलं. तिकडे १९६३ मध्ये झिप कोड आला, इकडे १५ ऑगस्ट १९७२ ला पिन. पिनची योजना श्रीराम भिकाजी वेलणकरांची, ते मूळचे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले. पिन आला तेव्हा म्हातारे सॉर्टर म्हणायचे की आता गावं पाठ करायची गरज राहणार नाही. मालवणचा ४१६६०६. पहिले तीन आकडे कोल्हापूरचेही तेच. मी अजून ते आकडे वाचले की मला घाट दिसतो आणि टपावरची थैली दिसते.

पुढचं काम ठरलं आहे. सत्तर फुटी बॅगेज डबा १३३ मिलिमीटर, आणि आपला आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या रेल्वे कारखान्याचा, डबा साधारण २१.३४ मीटर, म्हणजे १:१६० मध्ये तोही १३३ मिलिमीटरच. रुंदीत आपला डबा मिलिमीटरभर जास्त भरेल. रुळाचा प्रश्न राहतो. आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज या मापात साडेदहा मिलिमीटर व्हायला हवा आणि माझे रूळ नऊचे आहेत. तो दीड मिलिमीटर मी सोडून देणार आहे. जुन्या साच्याच्या बॅगेज डब्याची चाकं आणि पाया घेऊन त्यावर आमचा लाल आरएमएसचा डबा उभा करायचा. आतली मापं माझ्या हातांना पाठ आहेत, कोपर कुठे लागायचं, खणांची सगळ्यात वरची ओळ टाचा उचलून कशी गाठायची. बाहेरून मात्र मी तो डबा दिवसाउजेडी नीट पाहिलाच नाही. अंधारात चढायचो आणि पहाटे झोपेत उतरायचो. कोणाकडे १९७० ते ९० मधले मध्य रेल्वेच्या टपाल डब्याचे बाहेरून काढलेले फोटो असतील, दाराची, जाळीची आणि पत्र टाकायच्या फटीची जागा दिसेल असे, तर कळवा. दोन्ही बाजूंचे हवेत.